दोन ठोके म्हणजे येऊ दे

आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर सांगतो. पण चहाचे कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाला ठसका लागला आणि आमच्या सूनबाईचा सोफा खराब झाला. बोलणी मी खाल्ली.

मी काही हसण्यावारी न्यायचा माणूस नाही. शाळा चौथीत सुटली. पण नागपूर-रायपूर लाइनला तीस वर्षं ट्रक चालवला. गाडीला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. माझा भरवसा ब्रेकवर. आमच्या कामठीत कोणाला जुनी गाडी घ्यायची असली, तर आधी मला दाखवायचे. मी टायरला लाथ मारायचो, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघायचो आणि एकच शब्द बोलायचो. पास. नाहीतर नापास. त्यावर अपील नव्हतं!

आणि असा हा मी इंग्लंडात, रीडिंग गावी मुलाच्या घरी आलो आणि काय झालो? कचऱ्याच्या डब्यांचा इन्चार्ज! या आठवड्यात करडा डबा, पुढच्या आठवड्यात लाल. तो ढकलत फुटपाथवर न्यायचा, रिकामा झाला की परत आणायचा. घरात माझं मत विचारायचं म्हणजे, "बाबा, चहात साखर किती?" त्यापुढे प्रश्न जात नसे.

मग अमोलची, म्हणजे माझ्या मुलाची, नोकरी गेली. कंप्युटरची होती. कंपनीने एक अख्खा मजलाच रिकामा केला, त्यात हाही निघाला. काही आठवडे घरात नुसता बसून होता. दाढी वाढवली. आणि एक दिवस जेवताना म्हणाला, "बाबा, मी गाडी चालवणार. धंद्याची."

मी भाजीत मीठ नसताना मीठ बरोबर आहे असं म्हणालो. एवढा खूश झालो होतो.

इथे त्या धंद्याला हॉटशॉट म्हणतात. कोणाचं मशीन बंद पडलं, पार्ट आजच्या आज पाहिजे. एका पेटीसाठी मोठा ट्रक कोण पाठवणार? तिथे हा जाणार. पुढे पिकअप, मागे ट्रेलर, फोन आला की निघायचं. लंडनमध्ये ईलिंगला अमोलच्या ओळखीचा एक माणूस हॉटेलांचे मोठे ओव्हन दुरुस्त करतो. त्याने शब्द दिला होता, गाडी घे, काम मी देतो.

फक्त सूनबाई, स्वाती, तयार नव्हती. आता घरात तिचाच एक पगार. तिचं म्हणणं बरोबर होतं.

"अमोल, तुला गाडीतलं काय कळतं?" ती म्हणाली. "तू व्हिडिओ बघून गाडी घेणार का?"

"मी सगळं मांडून काढलंय, स्वाती. लॅपटॉपवर आहे."

"लॅपटॉप नको. बाबा बघतील. बाबांनी पास केली तर माझी हरकत नाही. नाही केली, तर तू परत नोकरी शोधायची. कबूल?"

बघा! साखरेवरून एकदम इथे! मुलाचा धंदा माझ्या एका शब्दावर. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

आम्ही तिघं गेलो. न्यूबरीच्या पुढे एका शेतावर जुन्या गाड्या विकायचं यार्ड होतं. मालक बॅरी. वय माझ्याएवढंच, हात फावड्याएवढे. मला बघताच म्हणाला, "मॉर्निंग, चीफ!" चीफ! मला माणूस आवडला.

पिकअपचा प्रश्न लवकर मिटला. चांगली डिझेल गाडी होती. मी लाथ मारली, खाली वाकलो, पाटे बघितले. (वाकलो ते लगेच, उठलो ते जरा सावकाश.) पास.

भांडण लागलं ट्रेलरवरून. तिथे दोन होते. एक लहान, दोन धुऱ्यांचा, साधा. अमोलने तो आधीच ठरवला होता. दुसरा लांबलचक, तीन धुऱ्यांचा, बाजूंना चकचकीत अॅल्युमिनियमचे फाळके, म्हणजे हौद्याच्या पडत्या फळ्या. वरात उतरली असती त्यात!

"हा," मी मोठ्यावर बोट ठेवलं.

"बाबा, ऐका ना. इथे ट्रेलर आणि माल मिळून साडेतीन टनांची मर्यादा आहे. मोठ्याचं स्वतःचंच वजन जास्त. म्हणजे त्यात माल कमी नेता येईल."

"मोठ्या ट्रेलरमध्ये कमी माल?"

"हो."

"आणि लहानात जास्त?"

"हो, बाबा."

"हे तुला लॅपटॉपने सांगितलं?"

"कायदाच तसा आहे."

"अरे, साडेतीन लिहिलंय म्हणजे पाच जातं. लिहिणाऱ्याने धरलेलंच असतं ते."

"इथे नाही धरत, बाबा. इथे वाटेत थांबवून काट्यावर चढवतात."

"आणि आपल्या दारात उभा कुठे राहणार तो?" स्वाती म्हणाली. "शेजारच्यांच्या किचनमध्ये?"

मी ऐकलं नाही. का ऐकावं? इतके दिवस साखरेचाच प्रश्न होता. आज पास-नापास होतं. मी जाहीर केलं, "मोठा ट्रेलर जोडा. मी स्वतः मागे घेऊन बघतो. त्याशिवाय पास नाही."

अमोलचा चेहरा पडला. "बाबा, ट्रेलर मागे घेणं वेगळं असतं. मी त्याचा क्लास केलाय."

"क्लास? मागे जायला?"

बॅरीने गाडी जोडून दिली. म्हणाला, जागा आमच्या मालकीची, खुशाल चालवा. मग त्याने ट्रेलरच्या फाळक्यावर आपला तो फावडा हात मारला. धाड! धाड! "सॉलिड, दॅट!"

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे ट्रक मागे घेताना ड्रायव्हर मागे बघत नाही. त्यासाठी क्लीनर असतो. माझा क्लीनर दशरथ मागे उभा राहून फाळक्यावर हात मारायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे येऊ दे. आणि धडाधडा वाजवत सुटला, तर समजायचं, मैदान मोकळं आहे, बिनधास्त ये. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, ठोका येतो. तीस वर्षं माझे मागचे डोळे म्हणजे दशरथचा हात. आरसा मी भांग पाडायला वापरत होतो.

तर बॅरीने दोन ठोके मारले आणि माझं मन भरून आलं. म्हटलं, वा! देश वेगळा, भाषा वेगळी, पण धंद्याची खूण तीच!

मी बसलो. अमोल शेजारी बसला. गाडी ऑटोमॅटिक, डाव्या पायाला काम नाही. तो पाय नुसता अस्वस्थ. काचा वर होत्या, थंडी होती. रिव्हर्स टाकला तसं गाडीत टूं टूं सुरू झालं.

"हे काय रडतंय?"

"मागे ट्रेलर आहे ना, त्याला वाटतं भिंत आहे. तिकडे लक्ष नका देऊ. तुम्ही आरशात बघा."

"आरशात तू बघ," मी म्हणालो. "मागे बॅरी आहे."

बॅरी ट्रेलरच्या बाजूने चालत होता. मी स्टिअरिंग जरा उजवीकडे घेतलं. आता ट्रेलरचं असं असतं, की मागे जाताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. हे मला आता माहीत आहे.

"बाबा, तो वाकडा चाललाय."

"नवीन आहे. होईल सरळ."

मागून आवाज आला. धाड! धाड!

"बाबा, तो ठोकतोय!"

"ऐकू येतंय मला. दोन आहेत. येऊ दे म्हणतो."

"अहो, तो थांबा म्हणतोय!"

"थांबा म्हणायचं असतं तर एक मारला असता. तू बस गप्प. हे क्लासमध्ये शिकवत नाहीत."

मी अजून थोडं उजवीकडे घेतलं. ट्रेलर अजून थोडा डावीकडे गेला. आणि मागे धडाधड, धडाधड, धडाधड! असे ठोके दशरथने फक्त भिलाईच्या कारखान्याच्या मैदानात मारले होते. मी खूश! किती मनमोकळा माणूस! मी अॅक्सिलेटरवर पाय दाबला.

"बाबाऽऽ! तळं आहे मागे!"

"एवढं मोठं यार्ड आहे, तळं कशाला असेल?"

"समोर स्वाती बघा! स्वाती हात हलवतेय!"

बघितलं. सूनबाई दोन्ही हात वर करून नाचत होती. लग्नातसुद्धा एवढी नाचली नव्हती. म्हटलं, पोरीला ट्रेलर आवडलेला दिसतो.

तेवढ्यात ठोके एकदम बंद झाले. मी समाधानाने मान डोलावली. गाडी जागेवर लागली की दशरथही असाच गप्प व्हायचा.

मग मागून आवाज आला. डुबुक.

पिकअपचं नाक वर झालं. समोर मला फक्त आभाळ दिसत होतं. ठोके बंद का झाले, तर बॅरीला ठोकायला काही उरलंच नव्हतं. ट्रेलर पाण्यात होता!

अमोलने हँडब्रेक लावला. आम्ही दोघं उतरलो. बदकांचं तळं होतं ते. यार्डाच्या कडेला, उताराखाली. बदकं आधी लांब पळाली. मग एक परत आलं, ट्रेलरवर चढलं, फिरून बघितलं. त्याला आवडला असावा. त्याने बाकीच्यांना बोलावलं. बघता बघता ट्रेलर भरला. माझ्या पसंतीच्या ट्रेलरला मिळालेला पहिला आणि शेवटचा माल!

बॅरी लाल झाला होता. अमोलला काहीतरी विचारत होता. मी म्हणालो, "काय म्हणतो ते सांग. लपवू नको."

"तो विचारतोय, मी एवढं ठोकत होतो तर थांबला का नाहीत?"

मग अमोलने त्याला आमचे ठोके समजावले. एक, दोन आणि धडाधड. समजावताना त्याचाच आवाज फुटायला लागला. बॅरीने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं. तळ्याकडे बघितलं. मग पोट धरून जमिनीवर बसला. हसताना मांडीवर हात मारला, एकदाच. मी त्याच्याकडे निघालो होतो, दचकून जागच्या जागी थांबलो. ते बघून तो आडवाच झाला.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण बोलायला तोंड कुठून आणणार? त्याने ट्रॅक्टर लावून ट्रेलर ओढला. नशीब, मोडलं काही नाही. चिखल मी स्वतः धुतला. दुसऱ्या कोणाला पाइपला हात लावू दिला नाही. इस्त्रीचा शर्ट गेला.

धुता धुता मनात एकच विचार. मी आता काय बोलणार? सूनबाईने धंद्याचा फैसला माझ्या हातात दिला होता. माझ्या पायापायी पोराचं काम बुडणार, आणि पोरगा परत दाढी वाढवणार.

स्वाती जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, हसून आलेलं. तिने मला टॉवेल दिला.

"बाबा, मग? काय ठरवायचं?"

अमोल लहान ट्रेलरजवळ उभा होता. नुसता माझ्याकडे बघत होता. मी गेलो. लहान ट्रेलरच्या टायरला लाथ मारली. बुटातून तळ्याचं पाणी उडालं. खाली वाकलो. जोड बघितले, ब्रेकच्या तारा बघितल्या. उठायला अमोलने हात दिला. मी घेतला.

"हा पास," मी म्हणालो. "पिकअप पास. तूही पास."

"आणि तुम्ही, बाबा?" सूनबाई म्हणाली.

"चौथीतच सांगितलं होतं मास्तरांनी," मी म्हणालो.

आता धंदा बरा चाललाय. ईलिंगवाल्याने शब्द पाळला. बर्मिंगहॅमला जातो अमोल, ब्रिस्टलला जातो, परवा ओव्हन घेऊन थेट ग्लासगोला जाऊन आला. दाढी काढली. परत आला की फोन करतो, "बाबा, खाली या." मी कोट घालून दारात जातो. तो ट्रेलर मागे घेतो, मी मागे उभा राहून ठोके मारतो. तीस वर्षांच्या ड्रायव्हरला विलायतेत प्रमोशन मिळालं. क्लीनर झालो.

गाडीला मागे कॅमेरा बसवलाय हे मला दिसतं. मी विचारत नाही. तोही सांगत नाही.

पण परवा गंमत झाली. त्याने ट्रेलर अगदी सरळ आणला होता. मागे भरपूर जागा होती. मी ऐटीत दोन ठोके मारले. धाड, धाड. येऊ दे!

गाडी जागच्या जागी उभी.

मी परत मारले, धाड, धाड. हलेना. मी ओरडलो, "अरे येऊ दे ना! दोन मारले मी!"

अमोलने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, किती का असेनात. ठोका पडला की मी थांबतो. हे क्लासमध्ये नव्हतं. तुमच्याकडूनच शिकलो."