मुख्याध्यापकांना जंताचं औषध

जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे डॉक्टरसुद्धा. एकोणीस वर्षांत त्यांनी एकाही मांजराची लस चुकू दिली नव्हती. त्यांच्या कॉम्प्युटरवरचा ब्राउजर मात्र जुनापुराणा. दुरुस्तीवाला दर खेपेला म्हणायचा, "ताई, नवा घालू या. याला भोकं पडलीत."

"चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ घालू नका."

एका रिकाम्या दुपारी ताईंनी स्वेटरच्या विणीचं पान उघडलं. ते कुणा भामट्याने रचलेलं होतं. स्क्रीनवरची खिडकी थरथरली, गोठली, मग ठीक झाली. ताईंनी त्याच ब्राउजरात उघडलेल्या जनावरांच्या यादीवरून मालकांना महिन्याची आठवणपत्रं छापली आणि न बघता पोस्टात टाकली.

तिसऱ्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक पत्र घेऊन हजर. त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. "आपल्या लाडक्या", पुढे त्यांचंच नाव, पदवीसकट, "यांना जंताचं औषध द्यायची वेळ झाली आहे. चावत असल्यास तोंड बांधून आणावे."

"मी चावतो, असं कोण म्हणालं?"

ताईंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्यात एक बाई नवऱ्याला दंडाला धरून आत आल्या. "यांना नखं कापायला बोलावलंय ना? कापाच. मी सांगून थकले."

डॉक्टर बाहेर आले. "अहो, मी माणसं तपासत नाही!"

"मग पत्रं कशाला पाठवता?" मुख्याध्यापक कडाडले.

दुरुस्तीवाल्याने मशीन बघून सांगितलं, "पानाला मेमरीत एवढीशी जागा दिलेली. जुन्या ब्राउजरने हद्द तपासलीच नाही. पान शेजारच्या यादीत घुसलं आणि मालकांची नावं जनावरांच्या रकान्यात ढकलून बसलं. खरं तर चोरी करायला आलेलं. जमली नाही, हे नशीब."

"म्हणजे बोट दिलं आणि मेल्याने मनगट धरलं!"

ताईंनी एकसष्ट घरी फोन करून माफी मागितली. मुख्याध्यापकांना ती लेखी हवी होती. ताईंनी लिहिलं, "आपण चावत नाही, याची दवाखान्यास खात्री आहे." डॉक्टरांनी निमूट सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाला नवा ब्राउजर घालायला बसला. ऑपरेशनला आणलेल्या कुत्र्याच्या मालकिणीसारख्या ताई बाजूला उभ्या.

"फार वेळ लागेल का हो?"

"वीस मिनिटं."

काय करावं ते सुचेना, म्हणून ताई बाकावर गिऱ्हाइकांमध्ये जाऊन बसल्या आणि कित्येक वर्षांनी चहा गरम असतानाच प्यायल्या.