नऊ मिनिटांचं स्टेटस

वेणीमावशीच्या दुकानात दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन आणि एक नणंद होती. खुर्च्या आणि बेसिन गप्प असायचे, म्हणून त्यांच्याही वाटणीचं नणंदच बोलायची.

मावशीचं काम बारीक वेण्यांचं. कपाळापासून मानेपर्यंत, डोक्याला चिकटून जाणाऱ्या. एका डोक्याला चार तास लागतात, आणि चार तास कुणी मुकाट बसत नाही. कोण घर सोडून निघालंय, कुणाचं लग्न मोडायच्या बेतात आहे, कोण आईशी बोलत नाही, सगळं मावशीच्या बोटांखाली बोललं जायचं. बावीस वर्षांत त्यातलं एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. डोक्यावरचं आपलं, डोक्यातलं गिऱ्हाइकाचं, असा तिचा कायदा होता. गाणारी मुलंसुद्धा तिच्याकडे यायची ती हाताच्या सफाईसाठी जेवढी, तेवढीच या कायद्यासाठी.

नणंद अगदी उलट. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली, ती सवय निवृत्त झाली नाही. सकाळी दुकान उघडलं की वन्सं बेसिनपाशी स्टूल ओढून बसायच्या आणि फोनवर रॅपर मंडळींची खबरबात वाचायला लागायच्या. कुणी कुणाचा फोटो काढून टाकला, पहाटे कोण काय लिहून गेलं आणि उजाडल्यावर कुणी काय पुसलं, हे त्यांना तोंडपाठ. "सुरुंगनं चटक्याला अनफॉलो केलं," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा सुरात असं काही होतं की खुर्चीतल्या बाईला घरचंच कुणी गेलं असं वाटलं.

सुरुंग आणि चटका हे दोघं एकेकाळी एकत्र गायचे. पोस्टरवर आधी कुणाचं नाव, यावरून फाटलं. तेव्हापासून एक गाण्यात शिवी द्यायचा, दुसरा ती व्याजासकट परत करायचा. त्यात सुरुंगचं डोकं जरा जास्तच तापट. राग आला की फोन काढायचा, लाइव्ह जायचं, समोरच्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची, आणि दोन तासांनी सगळं पुसून टाकायचं. आपल्या ड्रायव्हरला त्यानं असंच गाडीत बसल्या बसल्या लाइव्हवर कामावरून काढून टाकलं होतं. सुरुंगनं ते पुसलं, पण लोकांनी पुसलं नाही. ड्रायव्हर बिचारा महिनाभर घराबाहेर पडला नाही.

वन्संना या मंडळींबद्दल ठाऊक नव्हती अशी एकच गोष्ट होती. दर तिसऱ्या सोमवारी, दुकान बंद असताना आणि वन्सं लेकीकडे गेलेल्या असताना, सुरुंग मागच्या दारानं आत यायचा आणि त्याच खुर्चीत बसायचा. सतरा वर्षांचा असल्यापासून तो येत होता. जगाला सुरुंग असेल, मावशीला तो मान वाकडी धरणारा, ओढ बसली की ओय ओय करणारा पोरगाच होता.

अडीच महिन्यांपूर्वी मावशीला त्याच्या डाव्या कानामागे चाई दिसली. केस जाऊन पडलेला गोल, गुळगुळीत चट्टा. तिनं सांगितलं, आणि स्टेजवर दहा हजार माणसांना दरडावणाऱ्या त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. वेण्या म्हणजे त्याचं सर्वस्व. त्या गरगर फिरवल्या की पोरं वेडी व्हायची.

"मावशी, कुणाला सांगू नकोस. आणि मला आरसा दाखवू नकोस. वाढली, कमी झाली, तेसुद्धा सांगू नकोस."

"अरे, डॉक्टरला तरी दाखव."

"तिथं बाहेर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात फोन असतो."

मग मावशीनंच वाट काढली. तो आला की ती चाईशेजारी शर्टाचं एक निळं बटण ठेवायची, म्हणजे माप कळावं. जवळून फोटो काढायची आणि तो कातडीच्या डॉक्टरीणबाईंना पाठवायची. बाईंनी आधी कुरकुर केली, रोगी बघितल्याशिवाय औषध कसं देऊ म्हणाल्या. मग औषध दिलं. मावशी ते लावायची, वरून वेणी अशी घालायची की वाऱ्यालाही पत्ता लागू नये. सुरुंग तेवढा वेळ डोळे मिटून बसायचा.

आणि याच कामात तिचा हात चुकला. झालं असं, की प्रत्येक डोकं पुरं झालं की त्याचा फोटो स्टेटसला लावायची तिची पद्धत होती. तीच तिची जाहिरात. त्या सोमवारी सुरुंग घाईत निघून गेला, मावशीनं बटणवाला फोटो उघडला, आणि अंगठा सवयीच्या वाटेनं गेला. फोटो डॉक्टरीणबाईंना जायचा तो स्टेटसला गेला. मावशी निवांत फरशी झाडायला लागली.

नऊ मिनिटांनी लेकीच्या घरून वन्संचा फोन आला. "वहिनी, हे काय लावलंयस गं? टक्कल कुणाचं ते?"

मावशीच्या हातातला झाडू गळून पडला. तिनं फोटो पुसला, एकदा नाही, तीनदा खात्री केली. मग खुर्चीत बसून स्वतःलाच समजावलं, की फोटोत चेहरा नाही, वेणी नाही, वीतभर ओलं डोकं आणि एक बटण. कुणाला काय कळणार? "एका शाळामास्तरांचं आहे," तिनं वन्संना सांगितलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तो शुक्रवारपर्यंत तिथं राहिला.

शुक्रवारी वन्संनी बेसिनपाशी किंकाळी फोडली. नट्यांच्या आणि रॅपरांच्या भानगडी छापणाऱ्या एका पेजनं तोच फोटो लावला होता. वर मोठ्या अक्षरात: 'एका बड्या रॅपरचं टक्कल! ओळखा कोण?' गाणारी मुलं मावशीकडे येतात हे माहीत असलेल्या कुठल्या तरी गिऱ्हाइकानं त्या नऊ मिनिटांत आपला कार्यभाग उरकला होता.

लोकांनी ओळखायला वेळ लावला नाही. म्हणजे चुकीचं ओळखायला. चटका दोन महिने टोपीशिवाय दिसला नव्हता, तेव्हा डोकं चटक्याचं, हे ठरून गेलं. मग बटणावर विद्वत्ता सुरू झाली. बटणाला चार भोकं आहेत, म्हणजे चार वर्षांच्या मैत्रीची खूण आहे. बटण निळं आहे, म्हणजे पुढच्या गाण्याचं नाव निळ्यावर असणार. एकानं तर भोकांचा कोन मोजून तारीख काढली.

वन्सं मात्र फोन डोळ्यांशी नेऊन बघत होत्या. "वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "हे माझ्या भावाच्या शर्टाचं बटण आहे. मी स्वतः शिवलेलं." मग त्यांचा आवाज चढला. "म्हणजे शाळामास्तर कुठला आलाय! चटका आपल्या दुकानात येतो, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"वन्सं, गिऱ्हाइकाचं डोकं गिऱ्हाइकाचं," मावशी म्हणाली आणि कंगवे पुसायला लागली. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार.

तिला खरी धास्ती होती ती सुरुंगची. आज ना उद्या तो फोटो बघणार, ओळखणार, आणि लाइव्ह जाऊन तिचं नाव घेणार. ड्रायव्हर महिनाभर लपून राहू शकला; दुकानाला कुठं लपता येतं? आणि नाव नाही घेतलं, तरी त्यानं विश्वासानं पुढं केलेलं डोकं तिच्याच फोनवरून जगाला दिसलं होतं. हे तिला जास्त लागलं.

रविवारी सुरुंगनं फोटो बघितला आणि स्वतःच्या पानावर लावला. खाली लिहिलं: 'चटक्या, टोपी काढ. बटण लावून देतो.' आणि पुढं हसून लोळणारी तोंडं, मोजून अकरा.

मावशीनं ते वन्संच्या फोनवर दोनदा वाचलं. त्यानं ओळखलंच नव्हतं. कसं ओळखणार? कानामागची जागा कुणाला दिसते, आणि यानं तर आरसाही कधी हातात घेतला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं कळसा मानेवर होता. मावशीला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. सुंठीवाचून खोकला गेला होता. नाव तिचं नाही, डोकं सुरुंगचं नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि दुपारी चक्क घोरली.

हे सुख दहा दिवस टिकलं. मग वन्संनी चटक्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. गाणं ऐन रंगात असताना पुढच्या रांगेतून मूठभर बटणं त्याच्या अंगावर आली. मग आणखी. एक पापणीवर लागलं. तो थांबला. सगळ्यांना वाटलं आता हा शिव्या देणार. पण तो खाली वाकला, एकेक बटण वेचलं, स्टेजच्या कडेला नीट ठेवलं, टोपी घट्ट केली आणि पुढचं कडवं म्हणू लागला. आवाज तेवढा हलत होता.

"चांगली जिरली," वन्सं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनाही हसू आलं नाही.

मावशीनं दिवसभरात तो व्हिडिओ तीनदा बघितला. चूक तिची, डोकं एकाचं आणि बटणं दुसऱ्याला. सोमवारी सांगून टाकायचं, मग होईल ते होईल, असं तिनं ठरवलं, आणि ठरवल्यापासून तिला जेवण जाईना.

सोमवारी सुरुंग हसतच आला. "मावशी, चटक्याचं बघितलंस का? लोक स्टेजवर बटणं फेकतायत!"

"बस आधी."

तिनं वेण्या सोडायला घेतल्या. अर्धं डोकं मोकळं झालं. शेवटी ती खुर्चीमागून म्हणाली, "ते डोकं तुझं आहे."

"काय?"

"फोटोतलं. बटण माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं. डॉक्टरीणबाईंना पाठवताना माझ्याकडून स्टेटसला गेलं. नऊ मिनिटं होतं. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरले."

तो हसला, मग थांबला. आरशात तिचं तोंड बघून त्याला कळलं की ही थट्टा नाही.

"दाखव," तो म्हणाला.

मावशीनं मागचा आरसा धरला. त्यानंच तिचं मनगट पकडून आरसा हवा तसा वळवला. एक डोळा उघडला, मग दुसरा. मान इकडे केली, तिकडे केली.

"एवढीच?"

"एवढीच. आणि ती लव बघ, बारीक. नवे केस येतायत. तीन आठवड्यांपूर्वी नव्हते."

"मला वाटायचं तळहाताएवढी असेल," तो म्हणाला. "मी स्वप्नात बघायचो, मावशी. अख्खं डोकं." आणि त्यानं इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या आरशावर वाफ धरली. मावशीलाही बरं वाटलं, पण तिचा अर्धाच जीव सुटला होता. कारण आता त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं खिशातून फोन काढला.

तो चेहरा तिनं वन्संच्या फोनवर पाहिला होता. ड्रायव्हरच्या वेळचा.

"अरे, ऐक तरी," ती म्हणाली. पण तो लाइव्ह गेला होता. अर्ध्या वेण्या सुटलेल्या, खांद्यावर दुकानाचा टॉवेल. माणसं शेकड्यांनी यायला लागली, मग हजारांनी.

"फोटोतलं डोकं माझं आहे," तो म्हणाला आणि फोन कानामागे नेला. "हे बघा. नीट बघा. याला चाई म्हणतात, औषधानं जाते. चटक्या, तू टोपी घाल नाहीतर काढ, तुझी मर्जी. बटणं तुझ्यावर पडली ती माझ्यामुळं. मी स्वतःच्याच डोक्याला हसलो आणि मार तू खाल्लास. चुकलो रे. माफ कर."

फळीवर मावशीचा फोन थरथरायला लागला. वन्संचा होता. टॉवेल ओळखला असणार. मावशीनं तो उचलला नाही. तिचे दोन्ही हात सुरुंगच्या केसांत होते आणि तिथून काढायचं तिला सुचत नव्हतं.

तो लोकांनी लिहिलेलं वाचत होता. कुणी रडत होतं, कुणी आपली चाई सांगत होतं. मग तो एका ओळीवर थांबला आणि मोठ्यानं वाचली. "'फोटो कुणी फोडला? नाव सांग, बघून घेतो.'" खाली तेच आणखी दहा जणांनी लिहिलं. नाव सांग. नाव सांग.

मावशीनं डोळे मिटले.

"मीच टाकला," सुरुंग म्हणाला. "चुकून. माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे." आणि त्यानं फोन बंद करून मांडीवर उलटा ठेवला. "मावशी, उरलेल्या वेण्या सोड ना. मान अवघडली."

मावशीनं कंगवा उचलला. डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. त्या दिवशी तिचा पहिला भांग वाकडा पडला. तिनं तो मोडला आणि पुन्हा पाडला.