दोनदा लाभ

आमच्या मापाऱ्यानं मला फसवलं. इतवारीतल्या माझ्याच धान्याच्या दुकानात, भर दुपारी, मोठ्या आवाजात गात गात फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तो तुम्हाला आवडायला लागेल. सगळ्यांनाच आवडायचा.

धान मोजणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. एक गुडघा जमिनीवर, दुसरा छातीशी. डाव्या हातानं ढीग ओढायचा, लोखंडी कुडो भरायचा, त्याच्या तोंडावरून तळहात फिरवून वरचं धान सपाट करायचं आणि माप पोत्यात उलटं करायचं. वीस कुड्यांची खंडी. पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. आकडा विसरू नये म्हणून पुढचं माप भरेपर्यंत तोच गात राहायचा. आमचा मापारी 'लाभ गा लाभ, लाभ गा लाभ' असं इतकं लांबवायचा की शेजारचा गूळवाला म्हणे, "शेठ, तुमच्याकडं धानावर भजन फुकट भेटते."

मी कुहीकडच्या खेड्यातला. घरच्या धानाच्या चार बांध्यांत माझ्या वाट्याला काही येणार नव्हतं, म्हणून नागपूरला आलो. आधी पोती उचलली, मग विकली, मग दुकान घेतलं. भावात मी कोणाच्या बापाला ऐकत नाही. घासाघीस करताना माझा आवाज चौकापर्यंत जातो. पण मापात मी कोणाला मारलं नाही, हे सारा बाजार जाणतो. म्हणून तर मापारीही पारखून घेतला होता.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "ध्यानातून गेलं, शेठ." विड्या आणायला पाठवावं, तर तो गप्पा मारून हात हलवत परत. "ध्यानातून गेलं, शेठ." सुतळी संपल्याचं सांगायचं राहिलं, तरी तेच. गिऱ्हाइकाचं मात्र त्याच्या ध्यानातून काही जात नसे. कोणाचा बैल लंगडतो, कोणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, सगळं पाठ. शेतकरी पायरी चढले की मला लांबूनच राम राम करत आणि त्याच्याजवळ जाऊन बसत. तंबाखू त्याच्याशी मळत. माझ्याशी बोलत ते फक्त भावाचं.

त्या वर्षांत पावसाचा ताळ सुटला होता. पूर्वी एखादं वर्ष बिघडलं की लोक त्या वर्षावरून पोरांची वयं सांगत. सत्तर सालानंतर तशी वर्षं इतकी झाली की वय सांगायला उपयोग राहिला नाही. मृगात भुरभुर येऊन लोकांना रोपांसाठी पऱ्हे टाकायला लावायचं, मग रोवणीच्या वेळी महिनाभर तोंड दाखवायचं नाही, आणि लोंबीत दाणा भरला की धो धो कोसळायचं. मापारी म्हणायचा, "पाऊस आता रुसल्या जावयावानी झाला गा. जेवाले बोलावलं तं येत नाही, अन् निजाच्या टाइमाले दार ठोठावते."

दिवाळीनंतर जे लोक मला धान विकून जात, तेच आषाढ-श्रावणात माझ्याकडून धान विकत न्यायला येत. दरसाल पोती लहान होत गेली. खंडीनं नेणारे अर्ध्या खंडीवर आले, मग चार-पाच कुड्यांवर. त्यातच खायचं आणि पऱ्हे वाळले असतील तर त्यातलंच पुन्हा पेरायचं.

माझी थोरली बहीण त्या लोकांतच होती. आम्ही तिला बाई म्हणतो. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. ती एसटीनं यायची, उंबऱ्याशी चपला काढायची आणि बाकीच्यांसारखी पाळी धरून बसायची. मी भाव सांगायचा, तिनं पाडून मागायचा. मला त्यात मजा वाटे. घासाघीस तिनंच मला शिकवली होती, तिचा पदर धरून आठवडी बाजारात फिरायचो तेव्हा. "घरी बरं हाय ना वं बाई?" मी विचारायचो. "बरं हाय," ती म्हणायची. संपलं.

मग पावसाळ्यात माझा ढीग कमी भरायला लागला. उंदीर असतील म्हणून मांजर पाळलं. मांजर जाड झालं, ढीग कमीच. शेवटी एका दुपारी पोत्यांच्या थप्पीमागे बसून नुसतं ऐकत राहिलो. समोर बाई पोत्याचं तोंड धरून बसली होती.

"लाभ गा लाभ." पहिला कुडो पोत्यात उलटा झाला. "काल चूल पेटली का वं?" मापाऱ्यानं विचारलं.

"पेटली ना. बांधावरच्या तरोट्याची भाजी शिजवली."

"अन् परवा?"

"परवाही तरोटाच. लेकरं म्हणते, माय, आता अंगाले कोंब फुटून राहिले."

दोघंही हसले.

"भाजीत कण्या तरी टाकते का नाही?"

"सरल्या कण्या."

"शेठले सांग ना मंग. भाऊ हाय तुझा."

"त्याले काय सांगू? सांगतलं तं भाव सांगन तो."

मापाऱ्यानं दुसरा कुडो भरला. तळहात फिरवला नाही, वरची शीग तशीच ठेवली आणि पोत्यात ओतताना गायला, "लाभ गा लाभ."

मी बाहेर आलो. "लाभ कितीदा असते रे?"

त्यानं वर पाहिलं. "ध्यानातून गेलं, शेठ."

मी पुष्कळ बोललो. चौकातले लोक दारात येऊन उभे राहिले. बाई पोतं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "काढून घे गा तुझा कुडो." मी काढून घेतला. मालकाच्या डोळ्यांदेखत माप सैल सुटलं तर उद्या त्या मापावर कोण विश्वास ठेवणार? मला ते आजही पटतं.

त्याच संध्याकाळी एका गाडीवाल्याबरोबर मी तिच्याकडे अख्खं पोतं पाठवलं. ते शिवण न उसवता परत आलं. निरोप होता, फुकटचं खायची सवय नाही. आणि मापाऱ्याच्या हातून दरसाल जात होतं ते काय तिच्या बांधीत पिकलं होतं?

मापाऱ्याला मी काढलं नाही. काढलं असतं तर अर्धं गिऱ्हाईक त्याच्यामागे गेलं असतं, आणि हे त्यालाही कळत होतं. तो गात राहिला, मी गल्ल्यावरून कान देत राहिलो. त्याचा लाभ लांबला की मी खाकरायचो, मग तो दोनवर यायचा.

नवं धान निघालं की बाई पळसाच्या पानाचा द्रोण नव्या तांदळांनी भरून आणायची आणि आधी त्याच्या घरी नेऊन द्यायची. मग माझ्या दुकानात यायची, धान विकायला. एकदा मी विचारलं, "मले नाही आणला द्रोण?"

"तुह्या घरी काय तांदूळ कमी हाय का गा?" ती म्हणाली.

एका उन्हाळ्यात मापारी तापानं गेला. सकाळी त्याच्या घरी पोहोचलो तर बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. कुहीची पहिली एसटी भरून आली होती. मला पाहून माणसं बाजूला सरली, शेठला वाट देतात तशी. आत बाई त्याच्या उशाशी बसली होती. त्याचा उजवा तळहात उघडून पदरानं पुसत होती. तळहाताच्या रेषांत धानाची धूळ बसली होती, ती निघत नव्हती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता तिचा मुलगा कळमेश्वरच्या कारखान्यात आहे. पगार येतो, पावसावर चूल अवलंबून नाही. बाई कधीमधी माझ्याकडे येते, चहा घेते, बरं आहे म्हणते. मेलेल्या माणसाकडे मी धान मागत नाही, ते गेलं. पण घरात दाणा नव्हता हे तिनं त्याला सांगितलं, माझ्यापासून लपवलं. मी भाव सांगेन, हे मला एकदाही न विचारता तिनं कशावरून ठरवलं? बाजारातही माणूस आधी विचारतो, मग उठून जातो. ती तर न विचारताच उठून गेली. मी तिचा भाऊ आहे, मला याचं उत्तर पाहिजे, आणि ते तिनंच द्यायचं आहे.