लाल पट्ट्याची विहीर

चाकणच्या पट्ट्यात हल्ली जो तो खोल्या भाड्यानं देतो, तसा चिमाजीही देतो. शिफ्टला जाणारी मराठवाड्याची पोरं त्याच्या खोल्यांत राहतात आणि मुलाची बस कंपनीच्या माणसांची ने-आण करते. खाऊन-पिऊन सुखी माणूस. तरी सकाळचा चहा झाला की म्हातारा उठतो आणि कंपनीच्या कुंपणाशी जाऊन उभा राहतो. लोक म्हणतात, कंपनीला जमीन विकली पण म्हाताऱ्याचा जीव काही बांधावरून हलत नाही. लोकांचं काय जातं बोलायला! जमिनीचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याचा जीव अडकला होता विहिरीत.

ती विहीर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, अंबूबाईनं, मिळून खणली होती. तो पहार मारायचा, ती पाट्या वाहायची. आधी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्याच्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या चमकायच्या. त्याखाली काळा पाषाण, तिथं सुरुंगच लावावे लागले. आणि पाषाणाच्या बुडाशी अचानक लालभडक मातीचा पट्टा निघाला. तिथंच पाणी लागलं. चिमाजी वेड्यासारखा पाण्याकडं बघत होता, अंबूबाई त्या लाल मातीकडं.

पुढं दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती खुरपं घेऊन विहिरीत उतरायची, पट्ट्यातली माती उकरून आणायची आणि घराच्या भिंतींचा खालचा भाग लाल रंगवायची. चिमाजी काठावरून ओरडायचा, अशानं विहीर ढासळायची एक दिवस. ती हो म्हणायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरायची.

अंबूबाई गेली. मग जमीनही गेली. विहीर बुजवून द्यायची, असं विक्रीत ठरलं होतं. पण विहीर बुजवणं म्हणजे पाप, हे चिमाजीच्या हाडीमाशी खिळलेलं. शिवाय ही तर अंबूची विहीर. त्यानं तोंडावर लोखंडी गर्डर टाकले, वर स्लॅब ओतला, त्यावर मुरूम पसरला आणि बुजवली म्हणून सांगून मोकळा झाला. आत पाणी आहे, लाल पट्टा आहे, हे त्याला एकट्याला ठाऊक. तेवढ्यावर तो जगत होता.

यंदा कंपनीनं शेड वाढवायला घेतली. पायाखाली काय आहे ते बघायला ड्रिलचं मशीन आलं आणि त्याबरोबर आम्रपाली नावाची मुलगी. राहायला कासारवाडीला, दगडांचं शास्त्र शिकलेली. मशीन जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या काढायचं आणि ती त्या लाकडी पेटीत ओळीनं मांडायची. चिमाजी कुंपणाशी दिसला की ती त्याला आत बोलवायची. एके दिवशी पेटीत लाल कांडी निघाली. म्हाताऱ्यानं ती लगेच ओळखली. ही माती पाषाणाखाली आली कशी, असं त्यानं विचारलं.

तिनं समजावून सांगितलं. आधी तापलेला लाव्हा वाहत आला आणि थंड होऊन त्याचा दगड झाला. मग पुढचा लोट येईपर्यंत इतका काळ गेला, की ऊन-पावसानं त्या दगडाची वरून माती झाली. त्या मातीवर पुन्हा लाव्हा आला. माती खाली दबली, भाजली, लाल झाली.

"म्हंजी दोन आगींच्या मधी जेवढी उसंत मिळाली, तेवढी ही माती," चिमाजी म्हणाला.

"हो बाबा, तेवढीच."

मग तिनं सहज सांगितलं, की इथं पत्रा ठोकायची जड प्रेस बसणार, तिच्याभोवती तिन्ही शिफ्टला माणसं असणार. तिचं बोट बरोबर विहिरीकडं होतं. चिमाजीनं सांगावं, तर विहीर जाते. न सांगावं, तर कुणाची तरी पोरं प्रेससकट खाली जातात, कदाचित त्याच्याच खोल्यांतली. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं आम्रपालीला सगळं सांगितलं आणि एकच मागणं मागितलं. बुजवायच्या आधी एकदा पाणी उपसा, मला बघू द्या.

साहेब लोक चिडले, आणि चिडणारच की! पण भरण्याआधी तळ बघावाच लागतो, असं आम्रपालीनं ठणकावून सांगितलं. स्लॅब फोडला. पंप लागला. पाणी खाली जाऊ लागलं तसे मुरूम, मांजऱ्या, पाषाण ओळखीच्या माणसांसारखे एकेक वर आले. शेवटी लाल पट्टा दिसला. तिथं अंबूबाईनं उकरलेला खळगा होता.

चिमाजीच्या आठवणीत तो खळगा गुहेएवढा होता. इतकी वर्षं तो त्याच्यावरूनच तर भांडला होता. समोर दिसत होता तो जेमतेम हातभर, आत निमुळता होत गेलेला. पायरीवर बसून, खांदा भिंतीला टेकवून एका बाईचा हात पोचेल, तेवढाच.

चिमाजी काठावर बसला. आम्रपाली शेजारी येऊन बसली. मागं काँक्रीटची गाडी येऊन थांबली होती.

"एवढाच हात व्हता गं तिचा," तो म्हणाला. "आन् मी म्हनायचो, विहीर ढासळंल."