गाडी बंद, आणि कागदावर मी 'संतुष्ट'

मंडळी, दुपारी सर्व्हिस सेंटरमधून परत आले, तरी डोकं अजून तापलेलंच आहे.

आमची नवी गाडी चालता चालता बंद पडते. मागे मोठ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंद पडली, तेव्हा मागून भरलेला ट्रक येत होता आणि गाडीत सासूबाई होत्या. आज पाचव्या दुरुस्तीनंतर आणायला गेले. सही केली, किल्ली घेतली आणि फाटकातच इंजिन बंद!

मी मॅनेजरला म्हटलं, "आपसे ठीक नहीं हो रही, तो बदलकर दीजिए."

त्यानं फाइल उघडली. पाचही कागदांवर छापलेलं, 'गाड़ी ठीक मिली, संतुष्ट हूँ', आणि खाली माझीच सही. "भाभीजी, खराबी थी तो साइन क्यों किया?"

का केली? सहीशिवाय हे लोक किल्लीच देत नाहीत, म्हणून न वाचताच केली! आणि आपण हिंदी मुलखातली मराठी माणसं, परक्या गावात वाद नको म्हणून 'भैया, भैया' करत बसतो. इथे येऊन चार पिढ्या झाल्या, अजून गाव परकंच!

मग आजच्या कागदावर लिहिलं, 'फाटक पर ही बंद हुई', आणि शिक्का मारून घेतला. गाडी तिथेच सोडली. आता ग्राहक आयोगात जाणार.

तुम्ही न वाचता कुठे कुठे 'संतुष्ट' झाला आहात?