भुवईवरची खाच

माझी आत्या लाँड्रीत इस्त्री करायची, आणि इस्त्री बंद केली की नाही या काळजीनं अर्ध्या वाटेतून परत फिरायची. "आत्या, तू मेलीस तरी प्लग बघायला परत येशील," असं मी तिला चिडवायचे. पण संशोधक बाई घरी येणार असं कळल्यापासून तिचा जीव असा टांगणीला लागला, की मलाही थट्टा सुचेना.

या बाई सेनापतींचं चरित्र लिहीत होत्या. सेनापती म्हणजे आमच्या चौकातल्या पुतळ्यातले. माझे बाबा हे त्यांचं लग्नाबाहेरचं मूल, अशी गावात जुनी कुजबुज. लहानपणी बाबांनी त्यावरून मार खाल्ला, आणि मोठेपणी त्यावरच कॉलर ताठ केली. त्यात आपल्या आईची अब्रू जाते, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. आत्याच्या डोक्यातून ते कधी गेलं नाही. आजोबा एका शिल्पकाराकडे प्लास्टर कालवायचे. ते अंथरुणाला खिळले तेव्हा बाबा म्हणाले होते, "ज्याचं रक्त, त्यानं बघावं." मग बघितलं आत्यानंच.

"छापून आलं तर आईची अब्रू कायमची गेली," आत्या मला म्हणाली. "आणि खोटं ठरलं तर दादा मोडेल गं. माझी इकडे आड, तिकडे विहीर."

बाई आल्या. बाबा भर उन्हाळ्यात कोट घालून बसले होते. त्यांनी आधी चांदीचं बटण पुढे केलं, आजीकडे सापडलेलं. बाई म्हणाल्या, "अशी बटणं त्यांनी सगळ्या नोकरमाणसांना वाटली होती." आजी त्यांच्या बंगल्यावर कपडे धुवायची, हे बाबांनी सांगितलं. "हो, पण तुमच्या जन्माच्या आदल्या वर्षी ते बहुतेक परदेशात होते." बाबांच्या कपाळावर घाम आला.

"आणि हा चेहरा? पुतळ्यासमोर उभं करा मला!"

"तेवढंच उरतं," बाई म्हणाल्या. "चेहरा पुतळ्याशी खरंच जुळतो. पण पुतळ्याच्या भुवईवर एक खाच आहे, ती त्यांच्या एकाही फोटोत नाही."

"लढाईतली जखम असेल."

"इस्त्री बघून येते," म्हणत आत्या उठली. इस्त्री त्या दिवशी लावलीच नव्हती. ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच, आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "शिडीवरून पडल्याची आहे ती. आपल्या अण्णांची."

अण्णा म्हणजे आजोबा. सेनापती वारल्यावर पुतळ्याचं काम आलं, तेव्हा शिल्पकाराला समोर बसायला माणूस हवा होता. त्यानं आजोबांना बसवलं. मिशा आणि टोपी सेनापतींची, बाकी सगळे आजोबा. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. गावाला तरी कसं कळणार? प्लास्टरनं माखलेल्या मजुराच्या तोंडाकडे कोण बघतं? शेवटच्या आजारात आजोबांनी हे फक्त आत्याला सांगितलं होतं.

"दादा, तू त्या पुतळ्यासारखा दिसतोस, कारण तू अण्णांचा आहेस," आत्या म्हणाली आणि रडायला लागली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "याला पुरावा?"

"अण्णांचा शब्द. दुसरं काही नाही."

"मग हाही कच्चाच," बाई हळूच म्हणाल्या. "पण खाचेचं उत्तर फक्त यातच मिळतं. मुलाची गोष्ट मी छापणार नाही."

बाबा उठून बाहेर गेले. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही दोघी मागे धावलो. दार उघडं राहिलं, पण ती परत फिरली नाही.

बाबा चौकात पुतळ्यासमोर उभे होते. कोट काढून हातात घेतला होता. ज्या चेहऱ्याकडे बघून ते आयुष्यभर मिरवले, त्याच्या भुवईकडे मान वर करून बघत होते.

"खूप लागलं होतं का गं त्यांना?" त्यांनी विचारलं.

"हो रे," आत्या म्हणाली. "खूप."