बारावं विमान

आमच्या चौसाळ्याचे ऑपरेटर मामू खोटं बोलायचे ते चक्क माइकवरून, अख्ख्या थेटरला. टॉकीजच्या मशीनवर त्यांचा उभा जन्म गेला, पण समुद्र त्यांनी फक्त पडद्यावर पाहिला.

लढाईचा तो इंग्रजी सिनेमा लागला की कुणाला अक्षर कळायचं नाही, म्हणून मामू माइक घेऊन गोष्ट सांगत. विमानं उतरायच्या त्या लांबलचक जहाजाला ते 'पाण्यातलं यष्टी स्टँड' म्हणत. "बारा गेल्यात लढाईला. मोजा बे, माघारी किती येत्यात!" आणि थेटर मोठमोठ्यानं मोजायचं.

बारावं विमान यायचं नाही. पेट्रोल संपून ते जहाजाच्या अलीकडंच समुद्रात पडायचं. पहिल्या खेळाला एका बाईनं हंबरडा फोडला. तिचा मुलगा फौजेत होता. तेव्हापासून ढगात बाराव्या विमानाची घरघर सुरू झाली की मामू मशीन बंद करत, दिवे लावत आणि ओरडत, "उतरलं! बारावं बी उतरलं! जावा आता घरला." लोक टाळ्या पिटत बाहेर पडत. मी त्यांच्या पोराचा, रफिकचा दोस्त, केबिनमध्ये बसणारा, म्हणून खरं मला ठाऊक. एकदा टोकलं तर म्हणाले, "पडलेलं दाखवून कुणाचं भलं हाय? गप ऱ्हा."

पुढं टॉकीज बंद पडली. रफिक मालवाहू जहाजावर नोकरीला लागला आणि एका वादळात डेकवरून नाहीसा झाला. 'बेपत्ता' एवढंच कळलं. मामूंनी घरात कुणाला रडू दिलं नाही. "घावला न्हाई म्हंजे गेला, असं कोन म्हनतंय?" रोज दुपारी ते स्टँडवर बसून मुंबईच्या गाडीतून उतरणारी माणसं बघत.

यंदा ते अंथरुणाला खिळले. जीव रमेल म्हणून मी तो सिनेमा मोबाईलवर शोधून नेला. कसली अक्कल माझी! मामू पुटपुटत मोजू लागले. अकरा झाली. घरघर सुरू होताच त्यांनी माझा हात धरला. "हितंच बंद कर."

मी बंद केला.

"आता सांग की बे. तुला ठावं हाय काय सांगायचं ते."

वाक्य ओठांवर होतं. पण समोर रफिकचे वडील होते; जीभ उचलेना. मामूंनी जरा वाट पाहिली. मग भिंतीकडं तोंड करून ते रफिकसाठी पहिल्यांदा रडले.

आठवड्याभरात मामू गेले. 'उतरलं, मामू' एवढंच तर म्हणायचं होतं. मला तेवढं जमलं नाही.